काल्याचा घास वैकुंठात का नाही

सप्ताहाचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन नुकतंच संपलेलं. मंडपाच्या मधोमध दोरीला टांगलेली हंडी फुटलेली, खाली सतरंजीवर दही सांडलेलं, त्यात लाह्या चिकटलेल्या आणि बुक्क्याचा, घामाचा, आंबटसर दह्याचा एकत्र वास. बुवा फेटा उतरवून तांब्यातून पाणी पीत होते. शेवटचा अर्धा तास त्यांनी माशांची कथा रंगवली होती. गोपाळांचा काला बघून स्वर्गातल्या देवांच्या तोंडाला पाणी सुटतं. पोरं जेवून यमुनेत हात धुतील, तेव्हा निदान शितं तरी मिळतील म्हणून देव मासे होऊन पाण्यात येऊन थांबतात. कृष्णाच्या ते लक्षात येतं. तो सवंगड्यांना सांगतो, आज हात धुवायचे नाहीत, घोंगडीलाच पुसायचे. मंडप हसला, टाळ्या झाल्या. मग आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा हातात रिकामा द्रोण घेऊन बुवांपाशी आला आणि म्हणाला, "महाराज, तिकडं वर रोज सगळं चांगलंच असतं ना? मग त्यांना कंटाळा येत नाही का?" बुवांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "आधी काला खा, बाळा." मागची रांग पुढे सरकली, मुलगाही सरकला.

प्रश्न मात्र तिथेच राहिला.

त्या पोराने कथेतली अडचण बरोबर धरली होती. ज्यांच्या घरी अमृत आहे, ते उष्ट्या शितांसाठी मासे कशाला होतील? भूक नसलेल्यांना खावंसं का वाटावं? आपल्याकडे स्वर्गाची वर्णनं कमी नाहीत. सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण चालतं, त्यात साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नववा अध्याय येतो. यज्ञ करून स्वर्ग कमावणाऱ्यांचा तिथे उल्लेख आहे आणि माउली त्या स्वर्गाचं वर्णन हात राखून करत नाहीत. 'जेथ अमरत्व हेंचि सिंहासन । ऐरावतासारिखें वाहन । राजधानीभुवन । अमरावती'. पुढे अमृताची कोठारं येतात, कामधेनूंची खिल्लारं येतात. खिल्लारं हा शब्द वाचताना गावाकडचा माणूस थबकतो. एक कामधेनू पुरे असताना कळपच्या कळप, म्हणजे मागण्याआधीच सगळं दारात उभं. आणि पुढच्या काही ओव्यांत तेच माउली सांगतात की पुण्य सरलं की हा सगळा थाट संपतो. दृष्टान्त फार कडक दिलाय. वेश्येकडे जाणाऱ्याची शेवटची कवडी खर्च झाली की त्याला तिच्या दाराला हातही लावता येत नाही, तसं त्या दीक्षितांचं, म्हणजे यज्ञाची दीक्षा घेतलेल्यांचं, लाजिरवाणं होतं. पारायणाला बसलेले बहुतेक जण या ओवीवर मान खाली घालून पुढे जातात.

म्हणजे आपल्या परंपरेने स्वर्गाबद्दल पहिली शंका घेतली ती मुदतीची. किती मुदत, याचा हिशेबही मांडून ठेवलाय. माणसांचं एक वर्ष म्हणजे देवांचा एक दिवस. चार युगं मिळून ४३,२०,००० वर्षं. अशा ७१ चौकड्यांचं एक मन्वंतर, म्हणजे ३०,६७,२०,००० वर्षं आणि वर थोडा संधिकाळ. तेवढी इंद्राची कारकीर्द. ब्रह्मदेवाच्या एका दिवसात असे चौदा इंद्र होऊन जातात. ब्रह्मवैवर्त पुराणात एका इंद्राची गोष्ट आहे. त्याला आपला वाडा पुरेसा भव्य वाटेना. विश्वकर्मा बांधून बांधून थकला, तरी याची मागणी थांबेना. शेवटी एक लहान मुलगा दरबारात आला आणि जमिनीवरून चाललेली मुंग्यांची रांग बघून हसू लागला. कारण विचारलं तर म्हणाला, या प्रत्येक मुंगीने पूर्वी कधी ना कधी इंद्रपद भोगलंय. गोष्ट गर्वहरणाची म्हणूनच सांगतात. पण तीस कोटी वर्षं हाताशी असलेला तो इंद्र रोज नवा सज्जा, नवी बाग का मागत होता, हेही बघायला हवं. वाड्यात काहीच कमी नव्हतं. कंटाळलेला माणूस घराचं काम काढतो, तसंच हे दिसतं.

तरीही मुदत हे त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर नाही. त्याने 'संपतं का' असं विचारलं नव्हतं. संपत नाही तोवर कसं वाटतं, असं विचारलं होतं. आणि याची सगळ्यात सविस्तर चौकशी आपल्याकडे एका उपाशी माणसाने केलेली आहे.

महाभारताच्या वनपर्वात कुरुक्षेत्रावर राहणारा मुद्गल भेटतो. कापणी झालेल्या शेतात पडलेले दाणे वेचून जगणारा. पंधरा दिवसांत एक द्रोण भात जमायचा (हा द्रोण मापाचा, आपल्या पानांचा नव्हे). अमावास्या-पौर्णिमेला इष्टी म्हणजे छोटा यज्ञ करायचा, अतिथीला वाढायचं, उरेल ते कुटुंबासह खायचं. म्हणजे पक्षातून एकदा जेवण. तिथे दुर्वास येतात, वेड्यासारखे, अंगावर वस्त्र नाही, तोंडात शिव्या. मुद्गल वाढतो. दुर्वास सगळं खातात, उरलेलं अंगाला फासून निघून जातात. पुढच्या पर्वणीला पुन्हा हजर. असं सहा वेळा. मुद्गल दर वेळी उपाशी राहतो, पुन्हा दाणे वेचतो, पुन्हा वाढतो, आणि त्याच्या मनात राग उमटत नाही. मग हंस आणि सारस जुंपलेलं, घंटा किणकिणणारं विमान घेऊन देवदूत उतरतो आणि म्हणतो, चला, तुम्ही स्वर्ग कमावलात. इथे दुसरा कुणीही चढून बसला असता. मुद्गल म्हणतो, आधी सांगा, तिथले गुण कोणते आणि दोष कोणते?

या प्रश्नाबद्दल मुद्गलाचा फार आदर वाटतो. मुलीसाठी स्थळ बघतानाही घराची बाजू एवढ्या सरळ विचारली जात नाही. आणि देवदूतही काही लपवत नाही. गुण तो भरभरून सांगतो. तिथे भूक नाही, तहान नाही, थकवा नाही, थंडी-ऊन नाही, म्हातारपण नाही. अंगाला घाम येत नाही, कपडे मळत नाहीत, गळ्यातल्या माळा कोमेजत नाहीत. मग दोष. पहिला दोष असा की तिथे केलेल्या कर्माचं फळ फक्त भोगता येतं, नवं काही करता येत नाही. मूळ तोडून झाडाची फळं खात बसण्यासारखं ते आहे. दुसरा, आपल्याहून जास्त तेजाने झळकणारा दिसला की तिथेही मन जळतं. तिसरा, एक दिवस गळ्यातली माळ कोमेजू लागते, आणि खाली पडायची वेळ आली हे त्यावरून कळतं. शेवटी तो एका ओळीत सगळं सांगतो: ही कर्मभूमी, ती फळभूमी. मुद्गल क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, विमान परत न्या.

आता या माणसाच्या बाजूने ती यादी पुन्हा वाचून बघा. भूक नाही, हा गुण म्हणून सांगितलाय. पण मुद्गलाचं सगळं आयुष्य भुकेभोवती होतं, स्वतःच्या नव्हे, दारात आलेल्याच्या. ज्या गावात कुणालाच भूक लागत नाही, तिथे त्याने वाढायचं कुणाला? दुर्वासासारखा पाहुणा तिथे दारात येणारच नाही, आणि आला तरी त्याचं पोट भरलेलं असेल. स्वर्गात कंटाळा येत असेल तर तो याच्यामुळे येत असणार असं मला वाटतं. गाणं, नाच, बागा किती का असेनात, कुणालाच तुमच्याकडून काही नको असतं. तुम्ही नसलात तरी पंगतीत फरक पडत नाही. घरातल्या कर्त्या बाईला एखाद्या लग्नघरी 'तुम्ही नुसत्या बसा हो' म्हणून खुर्चीवर बसवून ठेवलं की तासाभरात तिची काय अवस्था होते, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ती उठते आणि कुठेतरी कोथिंबीर निवडायला घेते.

युधिष्ठिराचंही तसंच झालं. स्वर्गात पोचल्यावर त्याला दुर्योधन आसनावर झळकताना दिसला, भाऊ दिसेनात. माझे भाऊ आणि द्रौपदी जिथे आहेत तिथे न्या म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला अंधाऱ्या, कुजक्या वासाच्या वाटेने नेलं. तो वास सहन न होऊन मागे फिरणार, तोच आवाज आले, राजा, थोडा थांब, तुझ्या अंगावरून येणारा वारा लागला की आम्हांला बरं वाटतं. आवाज कर्णाचा, भीमाचा, अर्जुनाचा, द्रौपदीचा. युधिष्ठिर देवदूताला म्हणाला, तू जा, मी इथेच राहतो. ती सगळी मायाच होती, हे नंतर उघड होतं. पण त्या घटकेला त्याला ते ठाऊक नव्हतं. समोर स्वर्ग आणि नरक दोन्ही होते, आणि जिथे आपल्या नुसत्या उभं राहण्याने कुणाला तरी आराम पडतो ती जागा त्याने निवडली.

यावर कुणी म्हणेल, नवं काही नसलं की कंटाळा येणारच, त्यात एवढं काय. पण ते सप्ताहाला लागू पडत नाही. अखंड हरिनाम सप्ताहात नवं काय असतं? पहाटे चारला काकडा, मग पारायण, दुपारी गाथेचं भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन, नंतर जागर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कीर्तनाची सुरुवातही ठरलेली, जयजय विठोबा रखुमाई, मग रूपाचा अभंग, मग निरूपणाचा. आणि या सगळ्याच्या खाली सात दिवस न थांबणारी एकच गोष्ट, वीणा. घट बसवताना ती एकाच्या गळ्यात पडते आणि काल्यापर्यंत खाली ठेवत नाहीत. सात दिवसांचे १६८ तास. दोन तासांचा पहारा धरला तर ८४ पहारे. त्यासाठी मंडपाच्या खांबाला कागद चिकटवलेला असतो, प्रत्येक पहाऱ्यापुढे नावं, वस्तीवार वाटून दिलेली. विणेकरी उभा राहतो, बसत नाही. टाळकरी दोन ओळींत समोरासमोर. एका ओळीने नाम म्हणायचं, दुसरीने उचलायचं. लय आधी संथ, पखवाज चढला की वाढते, टाळकऱ्यांची पावली, म्हणजे ठेक्यावर पाय टाकत नाचणं, सुरू होते, मग पुन्हा उतरते. हे चढउतार नीट राखता आले नाहीत तर पहाराच पडतो. एकसुरी लयीत वीस मिनिटांत टाळकऱ्यांचे डोळे मिटायला लागतात. जाणता विणेकरी ते बघून चाल बदलतो, शब्द मात्र तेच ठेवतो.

सगळ्यात कठीण पहारा रात्री दोन ते चारचा. कागदावर नाव असलेला माणूस झोपून राहतो, त्याच्या घरी कुणीतरी बोलवायला धावतं, आणि तोवर आधीच्या विणेकऱ्याला थांबावं लागतं, कारण वीणा खाली ठेवायची नाही. पायाला मुंग्या येतात, डोळे चुरचुरतात. अशा वेळी येणारा कंटाळा खराच असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. तेवढ्यात अंगावर घोंगडी घेतलेला एखादा म्हातारा चपला काढून येतो, आधी विणेकऱ्याच्या पाया पडतो, विणेकरी त्याच्या पाया पडतो, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि या सगळ्यात तार एकदाही गप्प होत नाही. पहिला माणूस बाजूला होऊन कपभर चहा पितो. तो चहा ज्याने घेतलाय त्याला अमृताचं कौतुक सांगू नये. अखंड म्हणतात ते नाम असंच चालतं, ८४ तुकड्यांत, पेंगणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या हाती देत. एकट्याला सात दिवस उभं केलं असतं तर दुसऱ्याच रात्री वीणा खाली आली असती. स्वर्गाच्या वर्णनात हा पहारा बदलणारा माणूस कुठेच भेटत नाही.

वारकरी इथे थांबवतील आणि म्हणतील, तुम्ही स्वर्गाचं बोलताय, वैकुंठ वेगळं. ते खरं आहे. स्वर्ग पुण्याच्या शिलकीवर, वैकुंठाला परतीची वाट नाही. सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता अशा चार मुक्ती सांगितल्यात, आणि सायुज्यात तर भक्त वेगळा उरतच नाही, मग कंटाळायचं कुणी? युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही तुकोबांचं त्याने समाधान झालेलं नाही. ते साफ म्हणतात:

उपजोनियां पुढती येऊं । काला खाऊं दहींभात ॥
वैकुंठीं तों ऐसें नाहीं । कवळ कांहीं काल्याचें ॥
एकमेकां देऊं मुखीं । सुखें घालूं हुंबरी ॥
तुका म्हणे वाळवंट । बरवें नीट उत्तम ॥

पुन्हा जन्म घेऊन येऊ, हे ज्या चालीवर म्हटलंय त्यात जराही कुरकुर नाही. जत्रेला पुढच्या वर्षी पुन्हा येऊ म्हणावं, तसं. आणि वैकुंठात काय नाही? काल्याचा घास नाही. त्याचं कारण तिसऱ्या चरणात आलंय, 'एकमेकां देऊं मुखीं'. काला आपल्या हाताने आपल्या तोंडात घालायचा पदार्थ नाही. हंडी फुटली की म्हातारे, पोरं, पाटील, गुराखी शेजारच्याच्या तोंडात घास घालतात, फुगडी-हुंबरी घालतात. त्यासाठी समोर कुणीतरी तोंड उघडून उभं लागतं.

काला करून पाहिलेल्याला आणखी एक गोष्ट माहीत असते. तो टिकत नाही. शंभर माणसांच्या प्रसादाला दोन किलो ज्वारीच्या लाह्या, दोन किलो जाडे पोहे आणि सहा-सात लिटर दही लागतं. हरभऱ्याची डाळ तीन-चार तास आधी भिजत घालायची. पोहे धुऊन निथळत ठेवायचे. दही पाणी न घालता नुसतं घुसळायचं, त्यात मिरची-आल्याचा ठेचा, लिंबाच्या लोणच्याच्या बारीक फोडी, डाळिंबाचे दाणे. काकडी आणि मीठ आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं आणि काला पातळ होतो, म्हणून दोन्ही उशिरा. लाह्या अगदी शेवटी, कीर्तनात हंडीचा प्रसंग सुरू झाल्यावर, कारण पंधरा मिनिटांत त्या भिजून लगदा होतात. उन्हाळ्यातला सप्ताह असेल तर दोन तासांत दही चढतं आणि तोंड आंबतं. बुवा लांबले की आचारी अस्वस्थ होतो, मंडपाच्या कडेला येऊन हाताने खुणा करतो. उरलेला काला दुसऱ्या दिवशी कुणी खात नाही. जिथे माळाही कोमेजत नाहीत, तिथे लाही कशी मऊ पडणार, आणि ती मऊ पडायच्या आत शेजारच्याच्या तोंडात घालायची घाई तरी कुणाला होणार? आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपूरचा काला झाल्याशिवाय पालख्या परतीला लागत नाहीत. दोन-तीन आठवडे पायी चालून आलेली माणसं त्या एका घासासाठी थांबतात आणि लगेच चालू लागतात.

आणि तरीही तुकोबा गेले. फाल्गुन वद्य द्वितीया, १६५०. 'आम्ही जातो आपुल्या गावा । आमुचा रामराम घ्यावा' म्हणत गेले. दरवर्षी बीजेला देहूत दुपारी बाराला नांदुरकीच्या झाडाकडे फुलं उधळतात तेव्हा गर्दीतल्या किती जणांचे डोळे भरतात, ते बघितलं की काल्याच्या अभंगाचा हर्ष आणि हा निरोप एकत्र ठेवणं जड जातं. 'गर्भवासी सुखे घालावे' असं रोज मागणारा माणूस वैकुंठाला आपलं गाव म्हणून निघून जातो. या दोन गोष्टींचा मेळ बसवायचा तर त्यांचाच तिसरा अभंग हाताशी येतो. 'आम्ही वैकुंठवासी । आलों याचि कारणासी'. वैकुंठात राहणारे आम्ही, आणि इथे आलो ते कामासाठी. काम कोणतं? 'झाडूं संतांचे मारग । आडरानें भरलें जग । उच्छिष्टाचा भाग । शेष उरलें तें सेवूं'. रस्ता झाडायचा आणि उष्टं उरेल ते खायचं. वैकुंठाचा रहिवासी खाली येतो तो झाडू मारायला आणि उष्ट्यासाठी, यमुनेतल्या त्या माशांसारखाच. फरक एवढाच की माशांना घास मिळाला नाही, कारण ते नुसते खायला आले होते. तुकोबांनी आधी वाट झाडली.

त्या दिवशी पंगती उठेपर्यंत तीन वाजले. वीणा घटापाशी ठेवली होती, सात दिवसांनी पहिल्यांदा खाली, आणि ती तशी गप्प पाहून येणाजाणाऱ्यांचा आवाज आपोआप बारीक होत होता. तो मुलगा तिसऱ्यांदा काला घेऊन आला, तेव्हा पातेल्याच्या तळाशी लाह्यांचा नुसता लगदा उरला होता. त्याने तो आजीसाठी मागून घेतला, आजीला दात नाहीत म्हणाला. मंडपाच्या खांबाजवळ पुढच्या वर्षीच्या पहाऱ्यांची यादी लिहायला घेतली होती. सकाळचे पहारे भरले, संध्याकाळचे भरले. दोन ते चारच्या रकान्यासमोर लिहिणारा पेन धरून इकडेतिकडे बघत होता.